काकांची काळी भिंत

लालबागमध्ये स्वस्थ न बसण्याची स्पर्धा झाली असती, तर माझ्या मावशीच्या यजमानांनी ती नक्की जिंकली असती आणि बक्षीस घ्यायलाही ते थांबले नसते. कॉलेजसाठी मी मावशीकडे राहत होते, तेव्हा गिरण्यांचा संप चालू होता. साचाखात्यात, मागांच्या खडखडाटात उभा जन्म गेल्यामुळे काकांना कमी ऐकू येई. ते कुजबुजले तरी खालच्या मजल्याला कळे. हातांना काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी चाळीतले सगळे नळ आणि कड्याकोयंडे दुरुस्त केले, न बिघडलेलेसुद्धा. शेजाऱ्यांचं धडधाकट घड्याळ त्यांनी उघडलं. ते पुन्हा चाललं, पण उलटं. जेवतानाही ते ताट हातात घेऊन गॅलरीत फेऱ्या मारत आणि आमटी वाढायला मावशीला मागेमागे जावं लागे.

मग त्यांना गिरणीमागच्या गल्लीतली भिंत सापडली. तिच्या पायथ्याशी सगळी वस्ती कचरा टाकी आणि नाक धरून पुढे जाई. काकांनी चार दिवस एकट्याने तो कचरा उपसला, कोळशाची पूड सरसात कालवून भिंत फळ्यासारखी काळी केली, सुतळीला खडू टांगले आणि वर लिहिलं, ‘आज तुमचं काय म्हणणं?’ मला म्हणाले, “माका ऐकाक येना नाय, म्हणान कोण माझ्याशी बोलणा नाय. आता लिवतले!”

दोन दिवस कोणी लिहिलं नाही. काका येणाऱ्याजाणाऱ्याच्या अंगावर जात, “अरे, लिवा मरे! गप कित्याक रवलास?” शेवटी कोणीतरी लिहिलं, ‘भोंगा वाजत नाही, तर झोप लागत नाही.’ त्यानंतर भिंत पुरेना. मासे विकणाऱ्या कोळीणबाईंना लिहिता येत नव्हतं. टोपली खाली ठेवून त्यांनी मला फर्मावलं, “लिव गो पोरी, गिऱ्हाईक नाय त नाय, पन आता भांडायला पन कोन येत नाय!” शेजारी त्यांनी स्वतः पापलेट काढलं. ते बदकासारखं दिसे, पण तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

एका संध्याकाळी तिथे ओळ उमटली, ‘बायको आजारी आहे. मी उद्या कामावर जाणार.’ खाली नाव नव्हतं, पण अक्षर सगळ्यांनी ओळखलं. काकांच्या शेजारच्या मागावर काम करणारा, आमच्याच मजल्यावरचा माणूस. बघताबघता माणसं जमली. “पुसा ते! फितूर साला!” काका स्वतः संपात पुरते बुडालेले, तरी हात पसरून ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले. एक दगड त्यांच्या खांद्याला लागला. “पुसूचा नाय! काय सांगूचा आसात ता खाली लिवा!”

मग सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्याने खडू ओढला आणि खाली लिहिलं, ‘जा. पण तोंड चुकवून जाऊ नकोस.’ दुसऱ्या सकाळी तो माणूस डबा घेऊन भिंतीपाशी थांबला, खालची ओळ वाचून समोर उभ्या असलेल्या काकांकडे सरळ बघत गिरणीच्या फाटकाकडे गेला. काकांनी नुसती मान हलवली. घरी येऊन मात्र त्यांनी आमच्या दाराची कडी तीनदा काढून बसवली.

पुढे संप कधी संपला ते कोणालाच नीट सांगता आलं नाही. गिरणी गेली, भिंतही पाडली. मी लग्न होऊन माटुंग्याला गेले. अधूनमधून भेटायला जाई, तेव्हा काका खिडकीशी खुर्चीत बसलेले असत, मांडीवर हात ठेवून. मावशी त्यांच्यासमोर चहा ठेवी, जरा वेळ वाट बघे आणि हळूच म्हणे, “अहो, एकदा तरी ओरडा ना माझ्यावर.”