अर्ध्या टाकीतलं पाणी

पाणी जड असतं हे मला पन्नाशीला कळलं. तसं शाळेत शिकले होते, एक लिटर म्हणजे एक किलो वगैरे; पण शिकलेलं वेगळं आणि पाठीत बसलेलं वेगळं.

काही वर्षांपूर्वी मी एक जुना फोर-बाय-फोर ट्रक घेतला. छोटाच, पुढे दोघांची केबिन आणि मागे उघडा हौदा. बडोद्यात निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत माझ्या वयाच्या बायका सोनं घेतात. मी हे धूड आणून पार्किंगमध्ये उभं केलं. शेजारी म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. फिरलं होतंच. दर हिवाळ्यात मला कच्छच्या रणात जायचं असतं, डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे, आणि त्याला इलाज नाही.

तिथे पाणी आपलं आपण न्यावं लागतं. सुरुवातीला मी वीस लिटरचे जार दोरीनं बांधून नेत असे. खड्ड्यांत ते एकमेकांवर आपटायचे, झाकणं उडायची. एका वर्षी दोन जार फुटले, अंथरूण भिजलं आणि घसा कोरडा राहिला. परत आल्यावर जेवताना ही रड मी बाबांना ऐकवली.

बाबा शहात्तर वर्षांचे. नंदेसरीत पस्तीस वर्षं त्यांनी केमिकल कारखान्यांसाठी स्टीलच्या टाक्या बनवल्या, काही तर दुमजली घराएवढ्या. निवृत्त झाल्यावर काही दिवस लोक सल्ल्याला बोलवायचे, मग तेही बंद झालं. मग पेपर वाचायचा, आणि घरातला एखादा नळ कधी गळतोय याची वाट पाहायची. माणूस असा घरातल्या घरात बारीक होत जाताना बघणं मला सहन होत नसे, आणि सहन झालं नाही की मी त्यांच्यावरच डाफरायचे. त्या दिवशी माझी रड ऐकून त्यांचा ताटातला हात थांबला. म्हणाले, "टाकी मी करून देतो."

पुढचे तीन आठवडे ते रोज सकाळी डबा घेऊन नंदेसरीला गेले, एका जुन्या सोबत्याच्या शेडमध्ये. टाकी तयार झाल्यावर मला बघायला बोलावलं. तीनशे लिटरची, केबिनमागे हौद्यात आडवी बसणारी, खाली तोटी. तिचे सांधे मी बोटानं चाचपले. वेल्डिंगची ती रेघ इतकी एकसारखी होती की मी तिच्यावरून परत परत बोट फिरवत राहिले. रोज आपल्यासमोर बसून वरण-भात खाणाऱ्या माणसाच्या हातात हे आहे, आणि आपण त्याला नळाचे वॉशर बदलायला सांगतो, याची मला लाज वाटली.

मग चाचणी. त्यांच्या धंद्याची रीत अशी, की टाकी काठोकाठ भरायची, खाली कोरडा पेपर अंथरायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरवर एक थेंब जरी दिसला तरी काम नापास. पेपर कोरडा होता. बाबांनी तो माझ्या तोंडासमोर फडफडवून दाखवला.

त्या रविवारी आम्ही दोघं टाकी भरून महीच्या कोतरांत गेलो. नदीनं कापून काढलेल्या त्या घळी नंदेसरीपासून लांब नाहीत, आणि ट्रकची परीक्षा घ्यायला त्याहून चांगली जागा बडोद्याजवळ नाही. चढ, उतार, घसरडी माती, सगळं केलं. ट्रक जड झाला होता, पण शहाण्यासारखा चालला. "बघ, कसं गप्प बसलंय पाणी," बाबा म्हणाले. इतके खूश मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

वरच्या सपाटीवर एक भरवाड बाई शेळ्या घेऊन उभी होती. टाकी बघून तिनं विचारलं, "बेन, थोडुं पाणी मळशे?"

मी काही बोलायच्या आत बाबा खाली उतरले. "मळशे, मळशे, बधांने लई आवो," म्हणत त्यांनी सगळ्या कळपालाच बोलावलं आणि तोटी सोडली. तिच्या घमेल्यात पाणी पडत राहिलं आणि शेळ्या पीत राहिल्या. सगळा कळप पिऊन झाला तेव्हा टाकी अर्धी झाली होती.

परतताना पहिल्याच उतारावर मी ब्रेक दाबला. ट्रक थांबला. आणि थांबल्यानंतर, पाठीमागून, धाडकन धक्का बसला. ट्रक मातीवरून हातभर पुढे घसरला. पुढे घळ होती. पुढच्या वळणावर वाट एका बाजूला कललेली होती. तिथे पाणी खालच्या अंगाला धावलं आणि वरचं चाक हलकं झालेलं मला स्टिअरिंगमध्ये जाणवलं. तिसऱ्या धक्क्याला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काठोकाठ भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. अर्ध्या टाकीत ते धावतं. दीडशे किलोचं पाणी, मी थांबले तरी न थांबणारं. वाटीत ओतलं की वाटीएवढं होणारं, बाळाच्या ओठाला लावायचं ते हेच पाणी, आणि ते माझा अख्खा ट्रक घळीत लोटायला निघालं होतं. मी घाबरले होते, पण खोटं कशाला बोलू, त्या ताकदीनं मी दिपूनही गेले होते.

कारखान्यातल्या टाक्या जागेवर उभ्या राहतात. बाबांची एकही टाकी आयुष्यात कधी चालली नव्हती, आणि त्यांनी प्रत्येक टाकी काठोकाठ भरूनच पास केली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी कुणाचीही भीड न ठेवणारी बाई. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मला खरं सांगवेना. "शॉकअप गेलेत वाटतं," मी म्हटलं. उरलेला उतार चालत्या माणसाच्या वेगानं उतरले. घरी आल्यावर ठरवलं की बाजारातून दुसरी टाकी आणायची आणि यांना काहीतरी थाप मारायची. दोन दिवस मी ती थाप जुळवत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा बूट घालून दारात उभे. "चल. टाकी अर्धी भर."

त्यांनी मला कोतरांच्या अलीकडच्या सपाट माळावर थांबायला लावलं, स्वतः हौद्यात चढले आणि टाकीवर दोन्ही तळवे ठेवून बसले. "हळू चालव, आणि मी सांगितलं की ब्रेक." मी चालवलं, ब्रेक दाबला. धाड. "परत," ते ओरडले. पुन्हा धाड. "परत!" असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी मी वैतागून खाली उतरले, तर ते टाकीला कान लावून बसले होते आणि चेहरा असा, की पोराला पहिल्यांदा हत्ती दाखवावा.

"पस्तीस वर्षं मी पाणी भरलं," ते म्हणाले. "त्याच्या अंगात एवढा जोर आहे हे मला माहीतच नव्हतं. काय चीज आहे गं ही!"

मग त्यांचा चेहरा बदलला. "तुला रविवारीच कळलं होतं. शॉकअप म्हणे! टाकी भरलेली होती तोवर बरे होते आणि अर्धी झाल्यावर गेले? मला काय बोळ्यानं दूध पाजतेस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलं असतं. चार दिवस जेवलो नसतो. आणि तू रणात एकटी उलटली असतीस म्हणजे? मग मी काय करायचं होतं?"

मी रडले, त्या उघड्या माळावर, ट्रकच्या चाकाला टेकून. ते हौद्यातून उतरले नाहीत. वरूनच माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. आमच्याकडे मुलीलाही लाडानं दीकराच म्हणतात. "रडू नको, दीकरा," एवढंच म्हणाले.

त्याच दिवशी शेडमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं ग्राइंडर चालवून टाकीचा वरचा पत्रा सांध्यावरून कापला. ज्या सांध्यावरून मी परत परत बोट फिरवलं होतं, तो पाच मिनिटांत गेला. आत तीन आडव्या भिंती बसवायच्या होत्या, मोठी भोकं पाडलेल्या, म्हणजे पाणी जाईल पण धावणार नाही. बाबांनी पहिली भिंत लावली, वेल्डिंगचा टॉर्च हातात घेतला, टाकीत वाकले, आणि तसेच थांबले. मग तोंडावरचा मास्क वर केला.

"तू तुझं लपवलंस. आता माझं ऐक. डाव्या डोळ्यानं मला दिसत नाही. दोन वर्षं झाली."

"मग ही सगळी टाकी?"

"उजव्यानं केली. बाहेरून मान वळवून जमतं. आत मान वळत नाही."

ती रेघ एका डोळ्याची होती. रागवायचं खूप मनात होतं, दोन वर्षं डॉक्टरकडे न जाणाऱ्या माणसावर रागवायलाच हवं, पण त्यांनी दुसरा मास्क माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझ्या डावीकडे उभी राहा. मी रेघेवर आहे का, तेवढं सांगत जा."

काळ्या काचेतून जग नाहीसं झालं. फक्त एक हिरवट ठिणगी दिसत होती, तिच्याभोवती वितळलेल्या स्टीलचा मुगाएवढा ठिपका, आणि त्यांनी खडूनं मारलेली रेघ. ठिपका पुढे सरकत होता.

"आहे रेघेवर?"

"आहे," मी म्हटलं.

नव्हता. अर्धा सूत, जाड दोऱ्याएवढा, बाहेर गेला होता. तोंडातून ते सवयीनंच निघालं होतं.

"नाही बाबा," मी म्हटलं. "चुकलं. तुमच्याकडे घ्या."

त्यांचा हात थांबला, अर्धा सूत त्यांच्याकडे सरकला आणि पुन्हा पुढे निघाला.