आंब्याचं लग्न आणि काळा पडलेला काप

"मंगलाष्टकं झाल्याबिगर काडी लावायची न्हाय!" सखूमावशींनी मला बजावलं. माझ्या एका हातात चाकू, दुसऱ्यात आंब्याची काडी. समोर कुंडीत बाशिंग बांधलेलं रोप. मधे दोघांनी धरलेला अंतरपाट.

गाव लोहाऱ्याजवळचं. निजाम जाऊन आम्ही नुकते मुंबई राज्यात आलो होतो. मी शेती खात्यात असिस्टंट. मावशींचा आंबा मुळापासून वाळत चाललेला. एकाच फांदीत धुगधुगी होती, कलमाजोग्या काड्या दोनच. मावशींना मूलबाळ नाही. माहेरच्या कोयीपासून वाढवलेलं ते झाड म्हणजे त्यांची लेक. दोन्ही काड्या गेल्या की वाण संपला.

"लेक द्यायची अन् बिनलग्नाची? लोक काय म्हणतील?"

मी काडी तासली, रोपाला काप दिला आणि थांबलो. भटजींनी मंगलाष्टकं सावकाश म्हटली. मग मावशींच्या भाच्यानं स्वतः रचलेली पाच म्हटली. तोवर काप काळा! आंब्याच्या रसात टॅनिन, फिनॉल असली द्रव्यं असतात. हवा लागली की चिरलेल्या वांग्यासारखा काप काळा पडतो. मग सालीखालचे जिवंत थर एकमेकांना धरत नाहीत. तरी बांधलं. तीन आठवड्यांत काडी वाळून कोळसा झाली.

मावशी ओक्साबोक्शी रडल्या. मला स्वतःचाच भयंकर राग आला. भिडेखातर गप्प बसलो होतो मी!

दुसरी काडी, दुसरं रोप, पुन्हा अंतरपाट.

"भटजी, जरा लवकर आटपा."

"का? नवऱ्या मुलाला येडशीची गाडी गाठायचीय?"

"बरं, मग तुमचं 'सावधान' झाल्यावरच मी चाकू लावतो. चालंल?"

भटजींनी डोळे मिटून विचार केला. "शास्त्राची हरकत न्हाय."

अंतरपाट खाली आला. सपासप दोन काप, काडी बसवली, मेणकापड आवळलं. अक्षता माझ्या डोळ्यांत गेल्या, पण हात थांबला नाही.

महिन्याभरात तांबूस पालवी फुटली. मावशींनी तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "नांदतीय वं माझी लेक!" माझेही डोळे भरून आले.

अहवालात लिहिलं, 'काप दिल्यावर लगेच जोडावे.' साहेबांनी विचारलं, "लगेच म्हणजे कधी?" मी वैतागून लिहिलं, 'आधी मंगलाष्टके, मग चाकू.' साहेबांनी न वाचता सही केली आणि तेच सर्क्युलर म्हणून सगळ्या रोपवाटिकांना गेलं. आठवड्यात त्यातल्या एकीचं पत्र आलं: 'भटजी खात्याकडून मिळणार, की आम्हीच बघायचा?'