फुंकरीची कार्डं

“बोट लाव, मग बोल.”

आमच्या बेळगावच्या कचेरीत हे वाक्य ऐकल्याशिवाय दिवस मावळत नसे. कुणी सहज म्हणालं, “आक्का, ह्या खोक्यात मागच्या सालची कार्डं असावीत,” की आक्का चष्मा कपाळावर ढकलायच्या, खोक्यातलं एक कार्ड उपसायच्या आणि डोळे मिटून त्याच्यावरून तर्जनी फिरवायच्या. मग म्हणायच्या, “असावीत कशाला म्हणतोस रं? खानापूर तालुक्याचं भात हाय हे.” आणि ते भातच असायचं.

कॉम्प्युटर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काचेचा पडदा येत असेल. आमच्या वेळी कॉम्प्युटरचं खाद्य म्हणजे जाड कागदाची कार्डं, पोस्टकार्डापेक्षा बरीच लांब. प्रत्येक कार्डावर उभे रकाने, आणि रकान्यात भोक ज्या उंचीवर, तो आकडा. तालुक्यातालुक्यातल्या पिकांचे आकडे घेऊन आम्ही दिवसभर यंत्रावर बसून ही भोकं पाडायचो आणि ती कार्डं मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्राकडे पाठवायचो; हिशेब झाला की ती परत यायची. मी खानापूरहून रोज रेल्वेने येणारा शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या दिवशी मला हे सगळं उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसलं, आणि तसं मी बोलूनही गेलो. आक्का पुढे वर्षभर मला उंदीरमामा म्हणत होत्या.

त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत चाळण मारायची, आणि लेक गणित घेऊन बी.एस्सी. झालेली. वस्तीतली पहिली पदवीधर मुलगी आपण आहोत, हे नव्या माणसाला पहिल्या चहातच कळावं अशी त्यांची व्यवस्था होती. नम्रपणा त्यांना परवडत नसे. “गुण हायत तर झाकून कशाला ठेवू? लोणचं हाय व्हय ते?” असं वर विचारायच्या. बुद्धजयंतीला पांढरं स्वच्छ पातळ नेसून पेढे घेऊन यायच्या, आणि पेढा हातात देता देता मागच्या आठवड्यातली चूक ऐकवायच्या. पेढा गोड लागायचा तरीही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी निपाणीचे एक डॉक्टर आमच्याकडे यायला लागले. वखारीतल्या बायकांचा खोकला त्यांना झोपू देत नव्हता. तंबाखू चाळताना धुळीचा लोट उठतो, बायका नाकाला पदर बांधून दिवसभर त्यात बसतात, आणि चाळिशीत जिना चढताना धापा टाकतात. मालक म्हणायचे, बिडी ओढत असतील. डॉक्टरांनी फुंकर मोजायचं एक यंत्र आणलं होतं. तोंडाशी नळी धरायची, छातीत असेल नसेल तेवढा दम एका फुंकरीत सोडायचा, काटा सांगेल किती ते. बायकांनी त्याचं नाव फुकणी ठेवलं. चुलीपाशी जन्म गेल्यावर दुसरं काय ठेवणार. वखारीमागून वखार फिरून डॉक्टरांनी काहीशे बायकांच्या फुंकरी मोजल्या, आणि एका बाईचं एक याप्रमाणे आक्कांनी त्यांची कार्डं स्वतः पाडली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मग काळ बदलला. आमच्याकडे गोल तबकड्यांवर आकडे साठवणारं नवं यंत्र आलं, भोकाची यंत्रं भंगारात गेली आणि कार्डांची खोकी मागच्या खोलीत पडून राहिली. आता आमच्या कचेरीची एक रीत सांगतो. बाद झालेली कार्डं दिवाळीच्या आधी कर्मचाऱ्यांना नि शेजारपाजारी वाटायची. कार्ड ताठ असतं, दुमडलं तर आकार धरतं, आणि भोकांतून उजेड असा काही झिरपतो की बघत राहावं. टिळकवाडीच्या दोन-तीन गल्ल्यांत दरवर्षी आमच्या कार्डांचे आकाशकंदील लागायचे. लोक मुद्दाम फिरायला येऊन बघायचे.

बाद कुठलं आणि कामाचं कुठलं हे कळावं म्हणून आक्कांचा नियम होता: कामाच्या गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर लाल शाईची तिरकी रेघ. रेघ नाही ती रद्दी. नियम चोख होता. फक्त बेळगावच्या पावसाळ्याला तो कुणी कळवला नव्हता. मागच्या खोलीत ओल आली, लाल शाई फिकी होत होत कागदात मुरून गेली, आणि एका दिवाळीला आक्कांनी बिनरेघांची ती खोकी स्वतःच्या हातांनी, मोठ्या थाटात वाटून टाकली. त्या एकाच दिवशी त्यांनी बोट लावलं नाही.

डॉक्टर परत आले तेव्हा काठी टेकत आले. वखारीत धूळ ओढणारे पंखे बसवायला हवेत की नकोत, हे ठरवायला सरकारची समिती येणार होती. त्याच बायकांच्या आजच्या फुंकरी डॉक्टरांनी पुन्हा मोजून ठेवल्या होत्या. पण आधीच्या फुंकरीशी ताडून पाहिल्याशिवाय ‘धुळीनं दम गेला’ हे सिद्ध कसं करणार? नावं आणि नंबर डॉक्टरांच्या वहीत होते. मोजमापांचे मूळ कागद मात्र वाळवीनं खाल्ले होते.

“तुझ्याकडची कार्डं आहेत म्हणून मी निर्धास्त होतो,” ते म्हणाले. “नवी फुंकर कधीही मोजता येईल गं. दहा वर्षांपूर्वीची कुठून आणू?”

आक्का मागच्या खोलीत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. “डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “मी ती दिवाळीत वाटली.”

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती वही मिटून पिशवीत ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून आक्का घरोघर फिरायला लागल्या, आणि मला बरोबर घेतलं. तुम्हाला सांगतो, दिलेली वस्तू परत मागण्याइतकं अवघड काम जगात नसेल, त्यातून मागणारी बाई इतकी मानी. “आक्का, दिलेलं परत न्यायला आलायसा व्हय?” असं कुणी चेष्टेनं म्हणालं की त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. पण त्या म्हणायच्या, “व्हय, आलोय. माळ्यावर बघा जरा.”

आपल्या माणसांची एक सवय त्या वेळी कामी आली: कंदील कुणी टाकत नाही. पुढच्या दिवाळीला होईल म्हणून माळ्यावर ठेवतो. धुळीनं माखलेले, झिरमिळ्या गळलेले कंदील खाली यायला लागले. कार्डं आणखीही कुठं कुठं निघाली. डळमळत्या टेबलाच्या पायाखाली निघाली, पोरांच्या पुस्तकांत खुणेला निघाली. एका वहिनींनी तर भोकांतून रांगोळी सोडून उंबऱ्यावर ठिपके काढायचं तंत्र बसवलं होतं. त्यांनी कार्ड द्यायला सपशेल नकार दिला. आक्कांनी तिथंच पायरीवर बसून त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे बाई, हे खानापूरचं भात हाय. तुझी रांगोळी चालू दे.” कारण गोळा झालेल्यात डॉक्टरांची कार्डं कुठली नि खरी रद्दी कुठली, हे पहिल्या दोन रकान्यांतल्या कामाच्या खुणेवरून त्यांना कळायचं.

आता जे सांगतो ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर माझाही विश्वास बसला नसता. कार्ड वाचणारं यंत्र आमच्याकडे राहिलं नव्हतं, आणि असतं तरी दुमडलेली, कातरलेली, खळीनं चिकटवलेली कार्डं त्याच्या घशाखाली उतरली नसती. बऱ्याच कंदिलांना दोन्ही अंगांनी पतंगाचा रंगीत कागद डकवलेला, त्यामुळे भोक दिसायचंच नाही. आक्का आपल्या घरच्या व्हरांड्यात सकाळच्या उन्हात चटई टाकून बसायच्या. कंदील मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचे, आणि कागदाखाली जिथे किंचित दबेल तिथे बोटाचं टोक थांबायचं. मग त्या बोलायला लागायच्या. आम्ही कचेरीत बोलायचो तसे नुसते आकडे नव्हेत.

“बाई तीस वर्षांची. बाराव्या वर्षी वखारीत आली. फुंकर बरी हाय अजून.” बोट कंदिलाच्या पुढच्या पाकळीवर, म्हणजे पुढच्या कार्डावर. “ही चाळीसची. हिचा दम लई कमी. लिही.”

मी लिहीत होतो. पण एकदा वाचून त्यांचं समाधान होत नसे. पूर्वी कार्ड पाडताना दोघांनी वेगवेगळं पाडून ताडायची पद्धत होती, तीच त्यांनी इथे लावली. माझं लिहिलेलं झाकून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी तोच कंदील पुन्हा वाचायचा, आणि दोन्ही जुळलं तरच धरायचं. नाही जुळलं तर तिसऱ्यांदा. मला खोटं बोलायचं नाही. पहिले दोन दिवस मी मनात चुका शोधत होतो. तिसऱ्या दिवशी शोधणं सोडलं. त्या चटईवर एकेक बाई येऊन बसतेय, फुंकर मारतेय आणि उठून जातेय असं मला वाटायला लागलं.

एका सकाळी डॉक्टर येऊन बसले होते. थोडा वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “तुझ्या आईनंही फुंकर मारली होती. वहीत नंबर आहे. सांगू का?”

आक्कांची आई आदल्या वर्षीच गेली होती, खोकून खोकून. मी पेन खाली ठेवलं.

आक्कांनी डोळे उघडले नाहीत. “नगा सांगू,” त्या म्हणाल्या. “कळलं तर माझं बोट तितंच अडंल. बाकीच्या बायका खोळंबतील.”

आणि पुढची पाकळी वाचायला घेतली. त्या काहीशे बायकांत त्यांची आई होती. कदाचित आदल्या दिवशी वाचून झाली होती, कदाचित त्याच क्षणी बोटाखाली होती, कदाचित कुणाच्या बंबात जळून गेली होती. ते त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही, स्वतःलाही नाही. मी आयुष्यात पुष्कळ विद्वान पाहिले आणि थोडे साधूही पाहिले. एवढा मोठा आवर मी दुसरीकडे पाहिला नाही.

सगळी कार्डं मिळाली नाहीत. पण जी मिळाली ती पुरली. समितीपुढे डॉक्टरांनी जुनी फुंकर आणि नवी फुंकर शेजारी शेजारी ठेवली. बिडीला आयुष्यात हात न लावलेल्या बायकांचा दम वर्षागणिक कसा उतरत गेला, ते आंधळ्यालाही दिसावं असं होतं. पंख्यांचा हुकूम निघाला. सरकारी हुकूम तो. कागदावरून भिंतीपर्यंत यायला त्यानं आपला वेळ घेतला. तेवढ्या काळात आक्का निवृत्त झाल्या, आजारी पडल्या आणि गेल्या. अगदी शेवटी भेटायला गेलो तेव्हा “पंखे आले काय रं?” एवढंच विचारलं. मी म्हणालो, “येताहेत, आक्का.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान खाली घालावी लागली.

पुढे एकदा कामानं निपाणीला गेलो होतो. वखारींच्या रस्त्यानं चालताना वर घरघर ऐकू आली. भिंतीत उंचावर लोखंडी पंखा बसवला होता, रस्त्याकडे तोंड करून, आणि त्यातून तपकिरी धुळीचा झोत बाहेर पडत होता. एक सायकलवाला शिंकला आणि पंखा बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. मी तिथंच उभा राहिलो. डोळे चुरचुरत होते, घशात खवखव होत होती, तरी पाय उचलेना. ही सगळी धूळ आजवर बायकांच्या छातीत जात होती. आत त्या काहीतरी बोलत हसत होत्या. मी कान देऊन बराच वेळ ऐकलं. आत कुणी खोकत नव्हतं. भर रस्त्यात शिंकत होतो तो मी एकटाच.