द्राक्षांच्या मळ्यात जायचं ठरलं तेव्हा

व्याह्यांचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीतून नुकतीच घरी आले होते आणि आमचे हे जेवायला बसले होते. हात भरलेला, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. व्याही, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, पुण्याहून बोलत होते. मोठ्या आवाजाचा, हौशी माणूस.

"सव्वीस जानेवारी शुक्रवारी आलीय," ते म्हणाले. "सलग तीन दिवस सुट्टी. आम्ही चौघं इथून गाडीने निघतो, तुम्ही दोघं धामणगावहून रेल्वेने या. नाशिकला भेटू. द्राक्षांचे मळे पाहू, वायनरीतच राहू, वाईन कशी करतात ते बघू आणि चाखूसुद्धा! लग्नानंतर दोन्ही घरं एकत्र कुठे गेलीच नाहीत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "हो, येऊ की," ते म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते उरलेली भाकर खाऊन उठले आणि दुकानात गेले. मी त्यांचं ताट उचललं, आणि ते मोरीपर्यंत न्यायला मला फार वेळ लागला.

आमचे हे अकरा वर्षं प्यायलेले नाहीत. त्याआधी चौदा वर्षं प्यायले. बाभुळगावात त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या विहिरीवरची मोटार जळाली की लोक ती त्यांच्याकडे आणतात आणि ते तांब्याची बारीक तार गुंडाळून ती पुन्हा नीट करून देतात. त्या कामाला हात स्थिर लागतो. पिण्याच्या दिवसांत सकाळी त्यांचे हात इतके कापायचे की तार सरळ बसायची नाही, आणि हात थांबावे म्हणून ते सकाळीच प्यायचे.

त्या वर्षांमधलं सगळं सांगत नाही. एकच सांगते. मुलगी नऊ वर्षांची असताना ते तिला शाळेचे बूट घ्यायला यवतमाळला घेऊन गेले आणि संध्याकाळी एकटेच परत आले. "पोरगी कुठं आहे?" मी विचारलं, तर ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आठवेना. शेजाऱ्याच्या गाडीवर बसून मी यवतमाळला गेले. मुलगी बसस्टँडवर एका बांगड्या विकणाऱ्या बाईच्या टोपलीजवळ बसलेली होती, पायात नवे बूट. ती रडत नव्हती. मला पाहून ती नुसती उठून उभी राहिली. त्यानंतरही ते चार वर्षं प्यायले. मग एका सोमवारी थांबले. कसे थांबले ते मला आजही पूर्ण कळलेलं नाही.

मुलीच्या सासरी हे कुणाला माहीत नव्हतं. लग्न ठरवताना विहीणबाईंनी सहज विचारलं होतं, "मुलीच्या वडिलांना काही व्यसन वगैरे?" मी म्हटलं होतं, "सुपारीचंही नाही." शब्द खरे होते. तरी मी खोटं बोलले, हे मला तेव्हाच माहीत होतं.

मुलीने फोनवर सगळ्यांचा एक ग्रुप केला. रोज फोटो येऊ लागले. मांडवावर चढवलेल्या वेली, लाकडी पिंपं, पांढऱ्या टेबलावर ओळीने ठेवलेले ग्लास. एका ग्लासात लाल, एकात पिवळसर. हे दुकानात बसून ते फोटो बघत असतील, हा विचार आला की मी फोन उलटा ठेवायची. मुलगी सगळं विसरली का, की तिला वाटतं की बाबा आता कायमचे बरे झाले, हेही मला कळत नव्हतं. तिला विचारायची हिंमत नव्हती.

मी जाणं टाळायचे उपाय करू लागले. ग्रुपवर लिहिलं, त्र्यंबकेश्वरला जाऊ, वणीच्या गडावर जाऊ. व्याह्यांना ते फारच आवडलं. "सकाळी देवदर्शन, दुपारी वायनरी!" त्यांनी लिहिलं. मग मी मुलीला सांगितलं की सव्वीसला अंगणवाडीत झेंडावंदन आहे, मला निघता येणार नाही. ती म्हणाली, "आई, झेंडावंदन सकाळी असते. तुमची गाडी दुपारची आहे." सव्वीस जानेवारीला दारू मिळत नाही, याचा मी दोन दिवस आधार धरला होता. मग लक्षात आलं, तो दिवस आमचा रेल्वेतच जाणार. शनिवार आणि रविवार उरतच होते.

अकरा वर्षांत जे सुटलं होतं ते मी पुन्हा करू लागले. ते घरी आले की त्यांना पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ जाऊन श्वासाचा वास घ्यायचा. शर्ट धुवायला टाकताना नाकाशी धरायचा. ते कुलूप उघडत असताना हात बघायचे. वास यायचा तो घामाचा आणि वाइंडिंगला लावतात त्या वार्निशचा. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा शर्ट नाकाशी धरायची.

त्या आठवड्यात ते फार कमी बोलत होते. जेवताना विचारलं, "जायचं ना नक्की?" तर म्हणाले, "जायचं म्हटलं ना." पूर्वीही ते असेच तुटक बोलायचे.

निघायला आठ दिवस राहिले असतील. अंगणवाडीतून येताना दुपारी अडीचच्या सुमारास मी दुकानावरून गेले, तर शटर खाली. जानेवारीत गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, दुकानासमोर मोटारींची रांग असते. त्या दिवशीही चार मोटारी बाहेर पडल्या होत्या आणि एक शेतकरी शटरला टेकून बसला होता.

"मिस्तरी कुठं गेले?" मी विचारलं.

"काय माहीत बाई. दोन-तीन दिवस झाले, या टायमाले बंदच असते."

मी फोन लावला. बंद होता. शेजारच्या सायकलवाल्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "यवतमाळ रोडकडे गेले." त्या रस्त्यावर गावाबाहेर एक बार आहे. तो मला काही सांगायचं टाळत होता हे कळलं.

ऑटोसाठी थांबायचं सुचलं नाही, मी चालतच निघाले. डोक्यात एकच चालू होतं, आता मुलीला काय सांगायचं. व्याह्यांना काय सांगायचं ते नंतर. एका ट्रकने मागून हॉर्न दिला तेव्हा कळलं की मी रस्त्याच्या मधून चालते आहे.

ते बारमध्ये नव्हते. बारसमोर, रस्त्याच्या अलीकडे, एक पंक्चरचं दुकान आहे. त्याच्या बाकावर ते बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, समोर बघत. मी जवळ जाऊन उभी राहिले तरी त्यांनी मान वळवली नाही.

"तुमी इथं कायले बसले?"

"पाहून राह्यलो," ते म्हणाले.

"काय पाहून राह्यले?"

"उठून तिकडं जातो का, ते." मग म्हणाले, "आजचा चौथा दिवस आहे. एक घंटा बसतो. मंग जातो दुकानात."

मी बाकावर बसले, बसले म्हणजे पडलेच. ते अजून समोरच बघत होते.

"तिथं सगळे ग्लास घेऊन बसतीन," ते म्हणाले. "व्याही माह्या हातात देतीन. म्हणतीन, घ्या हो, द्राक्षाचा रस आहे. तवा मले नाही म्हणता येते का, ते पाहून राह्यलो. मले भेव लागते."

चौदा वर्षांत आणि नंतरच्या अकरा वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. भ्यायचं काम घरात माझ्याकडे होतं. आता दोघेही घाबरलेले, रस्त्याच्या कडेला, आणि समोर बारच्या दारातून एक माणूस तोंड पुसत बाहेर आला.

"हात दाखवा," मी म्हटलं. त्यांनी मांडीखालचे हात काढले. ते कापत नव्हते. मी इतक्या जोरात रडले की पंक्चरवाला पाणी घेऊन आला.

घरी येऊन त्यांनी आधी मुलीला फोन केला. म्हणाले, "बेटा, मले तिथं भेव लागते. मी तुह्या सासऱ्याले सगळं सांगतो." मग ती म्हणाली, "बाबा, मी सांगू का?" ते म्हणाले, "नाही. माह्यं आहे, मीच सांगतो." तिने ट्रिप का ठरू दिली, हे मी तिला पुढे विचारलं. ती म्हणाली, "सासऱ्यांना नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आई." म्हणजे तीही घाबरलेलीच होती, आणि तिकडे एकटी होती.

व्याह्यांशी ते अंगणात उभे राहून बोलले. मी दाराआडून ऐकत होते. त्यांनी काही लपवलं नाही, मुलीला बसस्टँडवर विसरलो होतो हेही सांगितलं. तिकडून व्याह्यांचा मोठा आवाज एकदाही ऐकू आला नाही. शेवटी फक्त "बरं, बरं. बघू" असं काहीतरी.

मग चार दिवस ग्रुपवर काहीच आलं नाही. ना फोटो, ना सुप्रभात. ते चार दिवस मला त्या बारसमोरच्या रस्त्यापेक्षा वाईट गेले. मुलीला कुणी काही बोललं असेल का? लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, उद्या बॅग घेऊन दारात उभी राहिली तर? मी दिवसातून तीनदा फोन करायची आणि ती म्हणायची, "सगळं ठीक आहे." तिच्या ठीकवर माझा विश्वास बसायचा नाही.

पाचव्या दिवशी दुपारी विहीणबाईंचा फोन आला. हे दुकानात होते. बाई नेहमी छान, मोजून बोलणाऱ्या. त्या दिवशी आवाज अगदी बारीक होता.

"आपण जायचंच," त्या म्हणाल्या. "वायनरीतली खोली रद्द केली. एका द्राक्षबागायतदाराच्या घरी राहू. ह्यांनीच ठरवलं."

मी देवाला हात जोडले. पण त्यांनी फोन ठेवला नाही.

"तुम्हाला एक विचारू? तुमच्या मिस्टरांचं... तुमच्या लक्षात कधी आलं, की आता हे जास्त होतंय?"

मग त्या भडाभडा बोलू लागल्या. निवृत्तीनंतर व्याही रोज संध्याकाळी घेतात. आधी एक, मग दोन, आता बाटली कुठे असते ते बायकोलाही सांगत नाहीत. कुणी त्याला दारू म्हणत नाही, आवड म्हणतात. "त्या दिवशी तुमच्या मिस्टरांचा फोन झाल्यापासून ते खोलीतच बसून असतात," त्या म्हणाल्या. "चिडलेत की घाबरलेत, मला समजत नाही. तुम्ही कशी सोडवलीत हो?"

"मी नाही सोडवली," मी म्हटलं. "मी फक्त घाबरत होती."

"मीही तेच करतेय," त्या म्हणाल्या.

आम्ही नाशिकला गेलो. बागायतदाराच्या घरासमोर काळ्या द्राक्षांची तोडणी चालली होती, बायका कात्रीने घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या. शनिवारी चहा झाल्यावर व्याही ह्यांना म्हणाले, "चला, जरा फिरून येऊ," आणि दोघे वेलींच्या ओळींमधून आत गेले. व्याह्यांचा चहाचा कप धरलेला हात मी पाहिला होता. तसा हात मी चौदा वर्षं रोज सकाळी पाहिला होता.

विहीणबाई आणि मी ओट्यावर बसलो. मांडवाची पानं दाट होती, थोड्याच वेळात दोघे दिसेनासे झाले. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. तो गार होता, माझाही गारच होता. मुलगी आतून विचारत होती, जेवायला काय करायचं, आणि आम्ही दोघी त्या पानांकडे बघत होतो.