सोजराबाईंनी घेतलेलं नाव

धाड गावच्या सोजराबाईंच्या तोंडून नवऱ्याचं नाव कुणी कधी ऐकलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हाही त्या पदराआड हसत राहिल्या आणि शेवटी सासूनंच त्यांची सुटका केली. मुलगा झाल्यावर सोय झाली. नवरा म्हणजे ‘पुंजाजीचा बाप’. हाक मारायची तीही पुंजाजीच्या नावानं. ‘ओ’ मात्र बाप देई.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी गोऱ्या पलटणीची एक लॉरी बुलढाण्याचा रस्ता सोडून त्यांच्या वांग्याच्या वाफ्यांत शिरली. पुंजाजीचा बाप आडवा उभा राहिला. दोघा शिपायांनी त्याला तिथंच गोळी घातली. लष्करी कोर्टानं दोघांना कैद दिली, तसे विलायतेत त्यांच्या सुटकेसाठी अर्ज होऊ लागले. तेव्हा तिथल्याच एका गिरणगावातल्या बायका उलट उठल्या. मेला तोही माणूसच होता, शिक्षा पुरी झालीच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं पाहून आणखी दोन देशांतल्या कामकरी बायकांनी सह्या गोळा केल्या.

हे सारं सोजराबाईंना वकील वामनरावांनी सांगितलं. सोबत त्या बायकांच्या मिरवणुकीचा फोटोही आणला होता. सोजराबाईंनी तो उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिला. ऊन नसताना या टोप्या कशाला घालतात? मिरवणुकीला गेल्यावर लेकरं कोण सांभाळतं? त्या खातात काय? वामनराव जमेल तसं सांगत राहिले. मग सोजराबाईंनी त्या बायकांच्या हातातल्या फळ्यांवर काय लिहिलंय ते विचारलं.

“पुंजाजीला न्याय द्या,” वामनरावांनी वाचलं.

पुंजाजी तेव्हा मागं मोट हाकत होता.

घोटाळा कसा झाला तो वामनरावांच्या ध्यानात आला. खुनानंतर मुंबईचा एक वार्ताहर आला होता. मयताचं नाव काय, असं त्यानं विचारलं, तेव्हा सोजराबाईंनी मान खाली घातली आणि वाडीत काम करणाऱ्या मुलाकडे बोट करून ‘पुंजाजी’ एवढंच म्हटलं. त्याला विचारा, असा त्याचा अर्थ. वार्ताहरानं तेच नाव छापलं आणि ते समुद्रापार गेलं.

“मंग माह्या जित्त्या पोराचं सुतक धरून राह्यल्या का त्या?” सोजराबाईंना हसू आलं.

शिपायांच्या बाजूनं नेमकं हेच पकडलं होतं. कोर्टाच्या कागदात एक नाव, सह्यांच्या अर्जावर दुसरं. म्हणजे अर्ज खोटा. बायकांनी अर्ज विधवेच्या वतीनं केलेला असल्यामुळे तिनंच कचेरीत येऊन नाव सांगावं, नाहीतर सगळ्या सह्या रद्द होतील, असा हुकूम निघाला.

शेजारच्या तानुबाईला यात अडचण दिसेना. “काऊन लाजतं वो आता? त्याहीचं आवुक्ष घटन म्हणून नाव घेत नव्हती. घटाले राह्यलं काय?”

“ते गेले वो,” सोजराबाई म्हणाल्या, “मी तं हाये न अजून.”

ठरल्या दिवशी त्या पुंजाजीबरोबर बुलढाण्याला गेल्या. सह्यांची गाठोडी घेऊन बोटीनं आलेली मार्था नावाची एक मडमही कचेरीत बसली होती. साहेबांनी नाव विचारलं. सोजराबाईंची नजर गाठोड्यांवरच होती.

“या बायाहीनं आपलं नाव सोताच लिवलं का?”

वामनरावांनी मार्थाला विचारून सांगितलं, हो, प्रत्येकीनं स्वतः.

“घरचे काही बोलले नाही का त्याहीले?”

बोलले, असं मार्थानं सांगितलं. कुणाला नवऱ्यानं घराबाहेर उभं केलं, एकीची गिरणीतली नोकरी गेली. सोजराबाईंनी विचारलं, तरी लिहिलं? मार्थानं मान हलवली.

सोजराबाईंनी पदर सारखा केला.

“कडूबा,” त्या म्हणाल्या.

पुंजाजीनं चमकून आईकडे पाहिलं. साहेबांनी नाव लिहून घेतलं आणि दुरुस्त अर्जावर शिक्का मारला. अर्जामुळे की आणखी कशामुळे कोण जाणे, पण शिक्षा पुढं कायम राहिली.

बाहेर ओसरीवर मार्थानं त्यांचा हात धरला आणि ते नाव म्हणून पाहिलं. “कदूबा.”

“तसं नाही वो बाई. तिकडं जाऊन तसंच सांगशीन. कडूबा.”

“कादुबा.”

“जीभ वर टेकव. कडूबा.” वामनराव आणि पुंजाजी टांग्याशी ताटकळले होते. सोजराबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. “म्हण. कडूबा.”