रिकामी बाटली

शाळेत मधल्या सुट्टीत मी आणि माझी एक मैत्रीण एकाच डब्यात जेवायचो, शाळेच्या सिस्टर रागावल्या तरी.

आज तिच्यासोबत एचआयव्हीच्या सरकारी गोळ्या आणायला गेले. जवळच्या इंदापुरात कुणी ओळखेल म्हणून ती निरवांगीहून बारामतीच्या सरकारी दवाखान्यात येते. उरलेल्या गोळ्या मोजायला तिथं मागची बाटली दाखवावी लागते. उद्याची गोळी तिच्याकडे नव्हती.

औषधांच्या खिडकीतला माणूस सगळ्यांसमोर ओरडला, "ए मावशे, मागची बाटली कुठंय? बाटली न्हाय, तर गोळ्या न्हाय!"

"वरचं नाव सुनेनं वाचू नये म्हणून फेकली, दादा. गोळ्या वेलदोड्याच्या डबीत ठेवते."

"मग डबीलाच माग!"

रांगेनं माना खाली घातल्या. मी नाही घातली. त्याला विचारलं, "औषध सरकार देतं, मग तुम्ही तिची लाज का काढता?" डॉक्टरीणबाईंना बाहेर बोलावलं, तेव्हा गोळ्या मिळाल्या.

मैत्रिणींनो, तिचं नाव विचारू नका. यापुढे गोळ्या तिच्या हातात, रिकाम्या बाटल्या माझ्या कपाटात, आणि चौकशी करणाऱ्यांना माझा पत्ता द्या.