विटकरी लाल

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, जिना उतरलं की डाव्या हाताला, एक्स-रेची खोली होती. तिथं काम करणाऱ्या बाईला सगळे एक्सरेबाईच म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक असेल, पण डॉक्टरांपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत कुणी ते वापरत नसे. दिवसभर तिचं बोलणं ठरलेलं असे. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. माणसं भिंतीकडे तोंड करून, छाती यंत्राला टेकवून उभी राहत, त्यामुळं तिला त्यांच्या पाठीच दिसत. रस्त्यात कुणी हसून विचारपूस केली की ती गोंधळून जाई. पाठमोरा झाला तर कदाचित ओळखेन, असं ती एकदा कुणाला म्हणाली होती. तिच्या तोंडून विनोद आलेला लोकांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

ती शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. वडिलांचं आजारपण लांबलं, मग धाकट्या बहिणीचं लग्न झालं, आणि हिला स्थळं यायची थांबली. त्याचं तिला वाईट वाटलं की सुटल्यासारखं झालं, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. ती कुणाच्या अध्यात ना मध्यात.

रविवारी मात्र ती पहिल्या बसनं शहराबाहेरच्या लाल कड्यांकडे जायची. कोरड्या माळावर अचानक उभे राहिलेले ते उंच खडक, थरावर थर चढवल्यासारखे. कुठं गेरूसारखे, कुठं शेंदरी, मध्येच एखादा फिकट पट्टा. ऊन कलायला लागलं की आतून कुणी निखारे फुंकावेत तसे ते पेटत. काळ्या-पांढऱ्या फिल्मा बघून आठवडाभर सुकलेल्या तिच्या डोळ्यांना हा लाल पाहून जेवल्यासारखं वाटे.

त्या कड्यांचे फोटो काढायला तिच्याजवळ एक जुनी लेन्स होती. कॅमेरे दोनदा बदलले, लेन्स तीच राहिली. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकानं धंदा सोडला तेव्हा कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या कारागिरानं ती तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती. लेन्स जड होती, आणि तिचं कडं हातानं फिरवून चित्र स्पष्ट करावं लागे. इतर लोक अख्खा कडा एका फोटोत कोंबायला बघत; हिची लेन्स त्यातला एकच तुकडा जवळ आणी. एखादी भेग, सावलीची कड, पाण्यानं घासून गुळगुळीत झालेला खांदा. ती लेन्स ती तळहाताच्या फोडासारखी जपायची. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसायची, शेजारची जागा रिकामी असली तरी.

पन्नाशी ओलांडल्यावर तिचे फोटो पुसट यायला लागले. आधी एखादा, मग सगळेच. तिला वाटलं, लेन्सला बुरशी धरली. ती कारागिराकडे गेली. त्यानं लेन्स उजेडाला धरली, कॅमेऱ्याला लावली, समोरच्या दुकानाच्या पाटीचे फोटो काढले आणि तिला दाखवले. अक्षरं कोरल्यासारखी स्पष्ट होती.

"राग मानू नका, बाई," तो म्हणाला. "लेन्स ठणठणीत आहे. डोळे दाखवून घ्या."

तिला राग आलाच. सगळी उमर रुग्णालयात गेलेली, नेत्रविभाग डोक्यावर दोन मजले, आणि हे कळायला दुकानात यावं लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी उजवा करू, महिन्यानं डावा. आणि घरी न्यायला कुणाला तरी बोलवा.

कुणाला, या प्रश्नावर ती संध्याकाळभर बसून राहिली. शेवटी बहिणीला फोन केला. बहीण लांबच्या शहरात. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घरचं करता करता नाकी नऊ आलेले. दोघींचं बोलणं वर्षातून चार-दोनदा, तेही तब्येतीपुरतं. तरी बहीण आली, आठवडाभराचे कपडे घेऊन.

पट्टी निघाली त्या सकाळी एक्सरेबाईला सगळं धुऊन काढल्यासारखं दिसलं. ट्यूबलाइट निळसर होती. ओट्याच्या फरशा ती पिवळट समजत होती, त्या पांढऱ्या निघाल्या. आणि डोळ्यांत औषधाचे थेंब घालायला वाकलेल्या बहिणीचा चेहरा इतका थकलेला होता की तिनं नजर बाजूला घेतली.

बहिणीनं त्या दिवसांत भिंतींवरचे फोटो नीट पाहिले. सगळीकडे खडक. माणूस एकही नाही. स्वतःच्या लग्नातला एखादा तरी असेल म्हणून तिनं शोधून पाहिलं असावं. चहा घेताना ती हसत म्हणाली, "दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात. तू आमच्यापेक्षा दगडच पसंत केलास, ताई."

निघायच्या आदल्या दिवशी बहिणीनंच विषय काढला की मला दाखव तरी तुझे दगड. धुळीत जायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून बसथांब्याजवळूनच पाहायचं ठरलं. ऊन उतरताना दोघी तिथल्या बाकावर बसल्या. एक्सरेबाईनं काळा चष्मा काढला आणि उजवा डोळा झाकला. समोर तिचा ओळखीचा लाल होता, विटकरी, उबदार, भट्टीतून काढून ठेवल्यासारखा. मग तिनं डावा झाकला. कडा डाळिंबी झाला. सावल्यांत जांभळी छटा आली, जी तिनं कधीच पाहिली नव्हती. तिनं पुन्हा पुन्हा डोळे बदलून पाहिले. एवढी वर्षं फोटो काढले ते यातल्या कुठल्या कड्याचे, हे तिला समजेना.

"तुला कसा दिसतो?" तिनं विचारलं.

"लाल," बहीण म्हणाली. "लाल तो लाल. मला काय कळतं त्यातलं? मी इथं पहिल्यांदाच आलेय. तू कधी ये म्हणालीच नाहीस."

"म्हटलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले," बहीण म्हणाली.

दोघींनाही ते खरं बोलणं बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बहीण गेली.

महिना झाला, दोन झाले, एक्सरेबाई डावा डोळा करायला गेली नाही. डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या की ती काहीबाही कारणं सांगे. रविवारी कड्यांपाशी उजव्या डोळ्यानं ती लेन्सचं कडं फिरवी; फोटो पूर्वीसारखे, खरं तर पूर्वीपेक्षा स्पष्ट येत. मग कॅमेरा बाजूला ठेवून, उजवा डोळा तळव्यानं झाकून, ती नुसती पाहत बसे. हा विटकरी लाल जगात आता तिच्या एका डोळ्यातच उरला होता. तो काढून टाका असं आपणच जाऊन सांगायचं, हे तिच्यानं होत नव्हतं. कॅमेऱ्यातही तो साठवता येईना, कारण फोटोसुद्धा त्याच दोन डोळ्यांनी पाहायचा; एकानं डाळिंबी, दुसऱ्यानं विटकरी. हे कुणाला सांगावं तर लोक म्हणाले असते, बाईच्या डोळ्यांबरोबर डोकंही तपासा.

पण मोतीबिंदू काही थांबणार नव्हता. पावसाळा सरून आभाळ निवळलं तेव्हा तिनं नेहमीसारखा उजवा डोळा झाकला, तर समोर नुसता गढूळ तपकिरी पडदा होता. कडा कुठं संपतो आणि आभाळ कुठं सुरू होतं तेही दिसेना. सोमवारी दोन मजले चढून गेली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली, करून टाका.

या खेपेला बहिणीला जमलं नाही. वॉर्डातले मामा अर्धा दिवस रजा टाकून आले, रिक्षातून तिला घरी सोडलं, पाण्याचं भांडं उशाशी भरून ठेवलं आणि जाताना दार ओढून घेतलं. पुढचे थेंब तिनं आरशासमोर मान मागं टाकून स्वतःच घातले. पहिले काही दिवस निम्मे गालावर ओघळत.

डोळा बरा झाल्यावर तिनं जुने फोटो उघडले. वर्षानुवर्षांचे रविवार एकेक करून पडद्यावर आले. भेगा जागच्या जागी होत्या, सावल्या होत्या, पण कडे सगळे डाळिंबी. विटकरी एकही नाही. भिंतीवरचेही तसेच. दुपार उलटेपर्यंत ती शोधत राहिली, मग उठून चहा टाकला.

आता ती निवृत्त झाली आहे. कड्यांकडे जाते, आठवड्यातून दोनदाही जाते, आणि तिचे हल्लीचे फोटो फार चांगले आहेत असं कारागीर म्हणतो. त्या जांभळ्या सावल्यांवर तिचा जीव जडला आहे, हे तीही कबूल करते. कधी कधी मात्र, ऊन पार खाली गेल्यावर, ती कॅमेरा पिशवीत ठेवून डोळे मिटून घेते आणि तो दुसरा लाल आठवायचा प्रयत्न करते. एखादे वेळी आठवतो. बहुतेक वेळा नाही. तोवर शेवटची बस येते, आणि चालक तिला ओळखत असल्यामुळं ती चढेपर्यंत थांबतो.